जलमंदिर आणि डाव्या पायाचा अंगठा

“हॅलो? … हॅलो? … हां, आता येतंय ऐकू. बोल. … नाही गं, झोपलो कुठे? रविवारी दुपारी कोण झोपतं? … बरं, मी झोपतो. पण आज नव्हतो झोपलो.”

खरं तर तो टीव्हीसमोर सतरंजीवर मांडी घालून बसला होता आणि टीव्हीवर एका आटलेल्या तळ्याचं चित्र गेला अर्धा तास जागच्या जागी थबकलं होतं. मुलीचा फोन दर रविवारी तीनला येतो हे त्याला ठाऊक होतं. तोपर्यंत एक बरंसं वाक्य जुळवून ठेवायचं त्याने ठरवलं होतं. पंचवीस वर्षं प्लंबिंग केलेल्या माणसाला कुठलाही पाइप कुठल्याही पाइपाला जोडता येतो. वाक्य काही जुळलं नव्हतं.

“जेवलीस? … काय होतं? … काही नाही, विचारलं आपलं. … माझा आवाज? नेहमीसारखाच तर आहे. … छे, आईशी भांडण कशाला होईल? ती आत आहे. माझ्याशी बोलत नाहीये, पण भांडण नाही. … का म्हणजे… ऐक ना, तू आधी बस. … बसलीच आहेस? मग नीट बस. … अगं नाही, सगळे ठणठणीत आहेत! कुणाला काही झालेलं नाही. तुझा तो गेम आहे ना… हो, तोच. त्यातलं ते तळ्याखालचं मंदिर. … ते झालं.”

त्याने मोबाईल या कानावरून त्या कानावर घेतला.

“‘झालं’ म्हणजे झालं, ठमे. पूर्ण. … हो, शेवटपर्यंत. … मीच. दुसरं कोण करणार, आई?”

गेम दोघांचा होता. तीन वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, मुलीने तो आणला आणि बापाला शेजारी बसवलं. बाप झाला बुटका लोहार, मुलगी झाली निळ्या वेणीची योद्धी. दर रविवारी एक तास खेळायचं असं ठरलं. तास कधीच पुरा झाला नाही. दहाव्या-बाराव्या मिनिटाला कुणाच्या तरी घरी नळ तुटायचा, बाप चपला सरकवत जिना उतरायचा, आणि लोहार हातोड्यासकट ज्या दलदलीत असेल त्या दलदलीत उभा राहायचा. योद्धी त्याच्याभोवती घिरट्या घालून राक्षस हाकलायची. अशा रीतीने सगळं राज्य पालथं घालून दोघं शेवटच्या मोहिमेपाशी, जलमंदिराच्या दारात पोचली, आणि दीड महिन्यापूर्वी मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली. जाताना तिने एवढंच बजावलं होतं, की मंदिर मी आल्यावर. तो हो म्हणाला होता. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द त्याने आजवर मोडलेला नव्हता.

“अगं सरावाला बसलो होतो. नुसता सराव! … म्हणजे तू आलीस की माझ्यामुळे खोळंबा नको. मी दर वेळी बुडतो, मग तू मला वर काढणार, त्यात निम्मा वेळ जातो. म्हटलं, निदान पोहायला तरी शिकून घेऊ. … हो, शिकलो. गोल बटण दाबून धरायचं. तीन वर्षं मी चौकोनी दाबत होतो. … तू सांगितलं होतंस? … असेल, सांगितलं असशील.”

आत भांडं जरा जास्तच जोरात ठेवल्याचा आवाज आला.

“तुझी आई. … तिने सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू. दोनदा म्हणाली, पोरीला विचार आधी. मी म्हटलं, बघतोय नुसता. … आता काय? आता ती आत भांडी घासतेय, मघाशी घासलेलीच.”

“… कसं म्हणजे? तू म्हणायचीस ना, फार अवघड कोडं आहे, लोक महिनामहिना अडकतात. अगं कोडं कसलं, पाण्याची लाइन आहे ती! तीन मजले, तीन चाकं, आणि तळाशी दाराची आणखी दोन. सगळे आपले खालचं चाक फिरवत बसतात. वरून पाणी उतरतंय, त्याचा दाब आहे दारावर, ते उघडणार कसं? आधी वरचं बंद करायचं. … हो, मग मधलं. … तो जलराक्षस? त्याची लाइन मधल्या मजल्यावरनंच होती. ते चाक फिरवलं तर बिचाऱ्याच्या तोंडातलं पाणीच थांबलं. ठसकला आणि खाली बसला. मारावंसंही वाटलं नाही. … हां, हसलीस! … नाही हसलीस? बरं.”

“… शेवटची दोन चाकं? हो, एकाच वेळी फिरवायची. दोघांनी. … अगं तुझा तो रिमोट… कंट्रोलर, तेच ते… तो ठेवला खाली सतरंजीवर, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याने… ऐक ना… अंगठ्याने तुझं चाक, हाताने माझं. … दुखतोय ना, सुजलाय जरासा.”

त्याने अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा खरोखरच सुजला होता. पण सहानुभूती मागण्याजोगा नव्हता.

“थांबायचं होतं, कळतंय मला. पण पाणी निम्म्यावर आलेलं, दारं उघडी, लाइन चालू. तशात हातातलं टाकून उठायचं कसं? असं काम अर्धवट टाकून मी कधी आलो नाही गं कुणाचं.”

पलीकडून जे आलं ते दोनच शब्दांचं असावं.

“… हो. लोकांचं. … बरोबर आहे तुझं. लोकांचंच.”

“… सकाळी नऊला बसलो. अडीच वाजले. … नाही, मधे उठलो नाही. चहासुद्धा तिथेच गार झाला. … मोबाईल? आतल्या खोलीत होता, चार्जिंगला. … आवाज बंद करून. … हो. करता येतो. मलाही आजच कळलं.”

मुलगी ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकासमोर कसं उभं राहायचं हे त्याला येत होतं: मान खाली घालायची आणि पाना उचलायचा. ही ओरडत नव्हती. एकामागून एक साधे प्रश्न विचारत होती.

“पुढे? पुढे पाणी उतरलं. … सांगू? खरंच सांगू? … बरं. आधी पायऱ्या दिसायला लागल्या. हिरव्या, शेवाळलेल्या. मग खांब. मासे होते ना, ते खांबांभोवती फिरत फिरत एका खड्ड्यात गोळा झाले. मग कुठेतरी घंटा वाजली. चांगलं केलंय हो त्या लोकांनी, अगदी ओल्याचा वास येईल असं. … तू? तू उभी होतीस ना. म्हणजे मी पाय काढला होता, त्यामुळे तू नुसतीच उभी. माझ्याकडे पाठ करून. … अगं मी वळवायला बघत होतो, पण तुझं वळायचं बटण कुठलं ते मला माहीत नाही.”

“… हां. आता खरं सांगायचं ते सांगतो. तळाशी ते दोन दगड होते. … आठवतंय? मला अजिबात आठवत नव्हतं. पहिल्या दिवशी म्हणे दोघांनी एकेक ओळ लिहायची असते, शेवटी वाचायला, आणि ते दगड तळ्यात टाकतात. … हो, वाचला. तुझाच आधी दिसला.”

स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

“वाचून दाखवू? … तुला पाठ आहे? … तरी वाचतो, समोरच आहे. ‘बाबा शेवटपर्यंत बसले!’ … पुढे उद्गारचिन्ह.”

“… हॅलो? … अगं आहेस ना? … रडतेस की हसतेस? … दोन्ही एकदम नको करूस, मला काही समजत नाही.”

“… माझ्या दगडावर? जाऊ दे ना. … नको, खरंच नको. … बरं, ऐक. ‘नळाचं काम, केव्हाही फोन करा.’ आणि खाली माझा नंबर. … अगं सवय! टाकीवर लिहितो तसं लिहिलं. कुणी म्हटलं काहीतरी लिही की मी नंबर लिहितो. … तोसुद्धा पुरा नाही. शेवटचे दोन आकडे मावले नाहीत.”

आता मात्र पलीकडे ती हसली असावी, कारण त्याचे खांदे थोडे सैल झाले. त्याने पाय लांब केले आणि तो घाईघाईने बोलू लागला. आपण थांबलो तर बोलणं संपेल अशा भीतीने.

“ऐक, मी काय म्हणतो, नव्याने सुरू करू. पहिल्यापासून. तू कधी येतेस? … एवढ्या उशिरा? … नाही, नाही, रजेचं मला कळतं, नवी नोकरी आहे. मग तू आलीस की. मी मोबाईल बंद करून आईकडे देईन. … बंद म्हणजे बंद. शहर बुडालं तरी. … आणि मधे बघणारसुद्धा नाही, आई साक्षीला आहे. … दगडावर या वेळी नीट काहीतरी लिहीन. … आत्ता कसं सांगू काय ते? सुचेल तेव्हा. … काय? … अगं तसं का म्हणतेस, वेळ का नाही मिळणार? मिळेल. … हो, तू लहान नाहीस आता, पण मोठ्यांनी खेळायचं नाही असं कुठे…”

कानाशी टुंग टुंग वाजलं. त्याने मोबाईल समोर धरून पाहिला आणि पुन्हा कानाला लावला.

“… काही नाही, दुसरा फोन येतोय. वाजू दे. … कोणी का असेना. … ती पलीकडच्या गल्लीतली डॉक्टरीणबाई. … काय माहीत, फुटलं असेल काहीतरी. तू बोल. काय सांगत होतीस? … अगं राहू दे तो, नाही घेत मी. आज नाही घेत. … तिच्या घरात पाणी होईल तर होऊ दे, तू बोल! … नाही, ठेवू नकोस… रागावून नाही हे कळतंय मला, पण तू ठेवू नकोस, ऐक ना… हॅलो? … ठमे?”

तिने ठेवला होता. वडिलांना दुसरा फोन आला की आपण बाजूला व्हायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. या घरात वाढलं की ते येतंच.

टुंग टुंग चालूच होतं. तो थोडा वेळ ते ऐकत बसला. मग त्याने घसा साफ केला.

“हॅलो? … हो, बोला बाई. … बरं. … बरं. आलोच. … छे हो, त्रास कसला? मोकळाच होतो.”