बाभुळओढ्यावर दाणे धुणारी

सरका जवळ, अन् ऐका. थांबा! तंबाखू नंतर मळा. आत्ताच बियाण्याची पोती उचललीत ना? आधी हात धुऊन या. हं, आता ऐका.

लिंबाजी माझ्या दुकानातून शाळूचं बियाणं घेऊन निघाला, तेव्हा अंधार पडला होता. बियाणं बुरशीच्या औषधात घोळलेलं, गुलाबी. मी म्हटलं, "लिंबाजी, सडकेनं जा." तो हसला. "आप्पा, ओढ्याची वाट जवळ पडतीय. भूत भेटलंच, तर त्यालाबी तुमच्याच दुकानाचा पत्ता देतो!"

गेला. ओढ्याला उतरला, तर पाण्याचा आवाज. सळ्ऽ सळ्ऽ. कुणीतरी दाणे धुतंय. बाई! पाठमोरी. अन् पाणी गुलाबी वाहतंय.

"भाऊ, रंग गेला का रे?" वळली नाही, नुसतं विचारलं.

लिंबाजीनं वाकून पाहिलं. दाणे पांढरेशुभ्र. त्याला घरची घाई. म्हणाला, "गेला, मावशी."

इथंच चुकला गडी! अहो, रंग जातो, औषध जात नाही. धुवा, भाजा, दळा, दाण्याला धरून बसतं. हे पेरायचं, खायचं नाही, एवढं कळावं म्हणून तर तो रंग. एका दुष्काळात या बाईला कुणीतरी सांगितलं होतं, रंग गेला की झालं. उरलेलं बियाणं धुऊन तिनं लेकरांना भाकरी घातली. लेकरं गेली. मागनं तीही गेली.

"गेला म्हणतोस? मग बस. भाकर खाऊन जा."

लिंबाजी पळू बघतो, पाय उचलेना! खांद्यावरचं पोतं हलकं झालं. बघतो तर रिकामं! त्याचंच बियाणं तिच्या जात्यात. घर्रऽ घर्रऽ. चूल पेटली. लाकूड नाही, काडी नाही, पेटली! भाकरी टम्म फुगली. वास असा, की गड्याच्या तोंडाला पाणी सुटलं. अरे हसता काय? दिवसभराचा उपाशी होता तो!

"खा. तूच म्हणालास ना, गेला?" अन् बाई वळली. पदराखाली तोंडच नव्हतं!

लिंबाजीचा हात आपोआप उठला. तुकडा मोडला. ओठांपाशी आला... अन् मनगटाला गार बोटं! इवली इवली. दोन्ही बाजूंना लेकरं बसलेली.

"मामा, नगं खाऊ. पोटात लई दुखतंय."

बाईच्या हातातली परात पडली. "दुखलं व्हय रं सोन्यांनो? मला कुणी सांगितलंच न्हाई!" अशी किंकाळी, की चूल विझली, जातं थांबलं. लिंबाजीचे पाय सुटले. पळाला! काट्यांतून, ढेकळांतून, पळतच सुटला.

पहाटे माझ्या दारात आला. अंगात ताप, मनगटावर बारीक बोटांचे वळ. नवं बियाणं दिलं, तर घेईना.

तेव्हा ऐका. त्या वाटेनं जाऊ नका. घाई असो, सोबत असो, जाऊ नका. अन् कुणी चुकून गेलातच, तिनं विचारलंच, तर तिचं मन राखायला जाऊ नका. खरं ते सांगा. त्या वर्षी एकानं जरी सांगितलं असतं, तर आज ती बाई ओढ्यावर बसली नसती.