जुन्या पत्त्यावरची मिरची

हसू नका, पण आमच्या घरात दोन प्रोग्रामर हायेत अन् त्यातला शहाणा मी न्हाई. माझा प्रोग्राम पुन्हा क्रॅश झाला. मेमरीत लायब्ररी, म्हंजी प्रोग्रामला लागणारा तयार कोडचा गठ्ठा, कुठं बसते तो पत्ता कालच पाहिला होता, म्हणून तिथंच चूक शोधून राहिलो होतो.

बायको म्हणली, "अहो, लायब्ररी दर वेळी नव्या जागी बसते. आज कुठं बसली, ते आधी त्या चुका शोधायच्या डीबगरला विचारा!"

विचारलं, तर चूक लगेच घावली. त्याच खुशीत डोंगरकड्याच्या बाजारातून मिरची आणली. आईनं एक मोडून चाखली.

"काहून रे, मागल्या बाजारच्या बाईकडूनच आण म्हणलं होतं ना? ही तिची न्हाई!"

"बराबर तिच्याच जागेवरून आणली! मागल्या बाजारी ती तिथंच बसली होती ना!"

आतून बायको ओरडली, "आई, हे परत कालच्याच पत्त्यावर गेले!"