कानबाईची साफसफाई आणि नानांचा कॉम्प्युटर

...आणि वर मलाच विचारतात, "ताईबाई, तुम्ही हात लावला होता का?" अहो, हात लावला म्हणजे काय? पुसलं! मनापासून पुसलं! तुम्हाला सांगते, कुणाचं चांगलं करायला जाऊ नये. पिंप्राळ्यात शेजारधर्म म्हणून काही राहिलंच नाही.

झालं असं, की आमचे शेजारी प्रेमराजनाना रिटायर झाल्यापासून समाजाची वधू-वर सूची करतात. सगळ्यांचे बायोडाटा, फोटो, शिक्षण, मामाचं गाव, सगळं त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये. दुसरी प्रत? नाही! का, तर म्हणे, "बाहेर दिलं की मुलींचे फोननंबर फुटतात." आणि आज पाचच्या आत ती सूची फैजपूरच्या छापखान्यात पोचली पाहिजे, नाहीतर मेळाव्यात पुस्तक नाही, आणि पुस्तक नाही तर आमच्या किरणचं... तेहतीस पूर्ण झाली हो त्याला. चटईच्या कंपनीत आहे, सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही, पण... जाऊ द्या.

तर सकाळी नानांनी बटण दाबलं. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पुढे काही नाही! काळा पडदा, त्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ, संपलं. नानांनी ती चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली, मग म्हणाले, "सुरू व्हायला जे लागतं ते त्याला सापडत नाहीये." सापडत नाही? अहो, डबा जागचा हलला नाही! म्हणजे हलला... पण तो कानबाईमुळे.

आता रविवारी नानांच्या घरात कानबाई देवी बसायची, तर घर लखलखीत नको? नानांच्या बायकोचे, भिकुबाई अक्कांचे, गुडघे धरलेले, म्हणून काल मी पदर खोचून गेले. पंख्याची पाती पुसली, फळ्या पुसल्या, आणि बघते तर त्या डब्याच्या जाळीतून धुळीचा हा एवढा बोळा लोंबतोय! देवी दारात आणि हे? काढलं मी बाजूचं झाकण. दोन तर स्क्रू, त्यात काय! आत धूळ म्हणजे पिठाची गिरणी. एक लाल पट्टी आडवी येत होती, ती काढली, पुसली, परत लावली. जवळपास तिथंच!

तर आज नाना त्या काळ्या पडद्यापुढे बसलेले, तेवढ्यात समोरचे जीवरामभाऊ आले. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे त्यांना कशातही मोटरच दिसते. डब्याला कान लावून म्हणतात कसे, "मोटर फिरतेय, पण उचलत नाहीये. हवा धरली."

नाना म्हणाले, "भाऊ, यात पाणी नसतं."

"तेच तर म्हणतोय मी! तांब्याभर भरून बघू का?"

आणि अक्का खरंच तांब्या घेऊन निघाल्या हो! नाना त्या डब्यावर असे आडवे झाले, जसं काही अंगणात ऊन दिलेल्या पापडांवर गाय आली... "खबरदार! चारशे घरांची लेकरं आहेत यात!"

मग दीपकला फोन. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. "निघालोच काकू, दहा मिनिटांत पोचतो." आणि मागून चाळीसगाव स्टेशनची अनाउन्समेंट ऐकू येतेय! कसली दहा मिनिटं! नाना जेवले नाहीत. अक्कांनी पाचदा चहा केला. मी तिथून हलले नाही, कशी हलणार? नाना दर दहा मिनिटांनी बटण दाबतायत... दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पुढे काही नाही! मी म्हटलं, नाना, आमच्या किरणचंही असंच बघा. पाहुणे येतात, पोहे खातात, "मुलगा छान आहे" म्हणतात, दारात चपला घालतात... पुढे काही नाही!

चारला दीपक उगवला. झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि पहिलं वाक्य काय? "याच्यात कुणी हात घातला होता?"

झालं! सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. जीवरामभाऊंनीसुद्धा! पाणी ओतणारा माणूस, तोही माझ्याकडे! अक्का तर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हाई बठ्ठं तुन्हंच काम शे, ताईबाई!"

दीपकनं बोटानं ती लाल पट्टी दाबली. टक! एवढंच. म्हणे, ज्या डबीत सगळं साठवलेलं असतं ती या पट्टीनं जोडलेली असते, आणि ती अर्धीच बसली होती. अर्धी तर अर्धी, बसवली होती ना मी? त्याचं कुणी नाव काढत नाही!

पण सुरू झालं. नानांनी डोळे पुसले, चाळीस मिनिटं राहिलेली असताना सूची फैजपूरला गेली, अक्कांनी सहावा चहा टाकला. मग मी हळूच म्हटलं, "नाना, आता आलंच आहे तर... मुली दाखवा ना."

नाना पानं सरकवायला लागले. आधी मुलं. इंजिनियर, शेती, शेती, दुकान, शेती, कंपनी, शेती... माझी मान दुखली. एकदाच्या मुली आल्या. एक पान, दोन पानं, चार पानं... आणि कोरं.

मी म्हटलं, "पुढे?"

नाना खाली बघत म्हणाले, "एवढ्याच आहेत, ताईबाई. तीनशे एक्क्याऐंशी मुलं आणि एकोणीस मुली."

दीपक पिशवी आवरत होता, त्याचा हात थांबला. त्याचाही बायोडाटा आहे त्यात.

मग मीच म्हटलं, "नाना... एकदा बंद करून परत चालू करून बघता का?"