कोवळा ट्रक

कारकून : कागद पुढे सरकवू नका, मिस्त्री. सही होणार नाही. तुमचा ट्रक अजून कोवळा आहे.

सुतार : ही चिठ्ठी वेगळी आहे, साहेब. आधी एवढी सही—

कारकून : सगळे असंच म्हणतात. ठेवा तिकडे.

सुतार : आणि कोवळा कसला? चोवीस वर्षांचा आहे. माझ्या थोरलीएवढा. तिला दोन पोरं झाली.

कारकून : परदेशातून आलेली गाडी पंचवीस पूर्ण झाल्याशिवाय रस्त्यावर येत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

सुतार : म्हणजे जितकी जुनी तितकी सुरक्षित?

कारकून : तसं लिहिलेलं नाही. पण अर्थ तसाच निघतो.

सुतार : आणि कोरी करकरीत आणली असती तर?

कारकून : तिचा अर्जच छापलेला नाही. अहो, फोटो पाहिला मी. तोंड ते कसलं, थोबाडीत मारल्यासारखं चपटं! त्याच्यासाठी चार महिने हेलपाटे?

सुतार : चपटा आहे म्हणून तर आमच्या बोळात वळेल. हौद्याच्या तिन्ही बाजू खाली पडतात. कपाट उचलायचं नाही, नुसतं सरकवायचं. मेहुण्याने शोधून पाठवला, तर बंदरावर गंजतोय. साहेब, ती चिठ्ठी...

कारकून : थांबा हो. इथे मिळतो तो मोठा घ्या ना. काय रुबाब असतो!

सुतार : बघून आलो. चढायला शिडी लागते. बोळाच्या तोंडाशी लावला तर शेजाऱ्यांची दारं उघडायची नाहीत. आणि आमची ही त्याच्या नाकासमोर उभी राहिली, तर चालवणाऱ्याला दिसायची नाही. तो मात्र सुरक्षित!

कारकून : त्याचा अर्ज छापलेला आहे.

सुतार : थट्टा पुरे, साहेब. आज कपाटाचं एक टोक मी धरतो, दुसरं ही. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी बादलीसुद्धा उचलू नका म्हणून बजावलंय. मला भीती वाटते हो. एक दिवस खाली बसेल ती उठणारच नाही.

कारकून : मग हमाल लावा.

सुतार : लावला होता. त्याने वळणावर कपाट सोडलं, आरसा फुटला. तेव्हापासून ती कुणाला हात लावू देत नाही.

कारकून : वाईट वाटतं. पण आठच महिने कळ काढा. पंचवीस भरले की लगेच परवाना, पुरातन वाहन म्हणून. प्रदर्शनात न्या, फुगे लावून मिरवा. माल तेवढा भरायचा नाही.

सुतार : आज कामाला लहान, आणि आठ महिन्यांनी कामाला म्हातारा?

कारकून : बोलता छान. पण तुम्ही एकटे नाही. गवंडी, फुलवाली, पंक्चरवाला, जो तो हाच ट्रक मागतो. हे बघा, नामंजूर अर्जांचे गठ्ठे. जमिनीवर ठेवून वाळवी लागली. म्हणून तर मोठ्या साहेबांनी तुम्हाला कपाट सांगितलं.

सुतार : सागवानी, साडेसहा फुटी. माझा अर्ज कुठल्या कप्प्यात?

कारकून : सगळ्यात वरच्या. ओळखीचे आहात. कधी पोचवताय?

सुतार : आणलंय. खाली फाटकाशी आहे. सहीची चिठ्ठी दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत.

कारकून : मग आल्या आल्या सांगायचं ना! ही ती चिठ्ठी? आणलंत कशातून?

सुतार : कशातून आणणार? सही करा लवकर. तिथे उतार आहे, कपाट घसरतं. ती पाठ लावून उभी आहे.