दोन हात रंग, वर लॅकर

...नाही, तुम्हीच सांगा, चुकलं काय माझं? विकायची वस्तू माणूस चकाचक करून दाखवतो की नाही? अहो, उभा जन्म गाड्यांना रंग मारण्यात गेला माझा, चेपलेला दरवाजा असा करून देतो की चेपणाऱ्यालाही ओळखू येऊ नये! तर हा कॉम्प्युटर... फार जुनी गोष्ट, एका इंजिनीयरने गाडी रंगवून घेतली आणि पैशाच्या नावाने बोंब! म्हणाला, "हा ठेवा, मी स्वतः जोडलाय." ठेवला. माळ्यावर! तेव्हापासून बायकोचं सुरू, "अहो, ते धूड कधी काढताय? गाद्या कुठे ठेवू, तुमच्या डोक्यावर?"

आणि मध्यंतरी घरमालक दारात. "घर विकतोय. घेता का बोला, नाहीतर रिकामं करा." घेता का म्हणे! कशाने घेणार, रंगाचे रिकामे डबे विकून? बायकोला जेवण जाईना, तिचा सगळा संसार ह्याच दोन खोल्यांत झालेला. तेवढ्यात मेहुणा आला फोन नाचवत, "दाजी, दाजी! तुमच्या माळ्यावर आहे ना, तसलं एक लिलावात गेलं, बघा केवढ्याला!" मी शून्यं मोजली, चष्मा पुसला, परत मोजली... अहो, घर! अख्खं घर येतं तेवढ्यात! आणि पैसे कशाचे, तर चालूसुद्धा न होणाऱ्या डबड्याचे!

लिलाववाल्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, "काका, मी बघायला येतो, तोवर हात लावू नका." मला वाटलं, पडेल-बिडेल म्हणून सांगतोय! आता माणूस बघायला येणार आणि वस्तू कशी? पिवळी पडलेली, ओरखडे, झाकणावर पेनाने काहीतरी खरडलेलं! चुकलं काय माझं? पॉलिश पेपर मारला, ओरखड्यांत लांबी भरली, प्रायमर, दोन हात रंग, वर लॅकर. आणि रंग कुठला? बायकोच्या आवडीचा, मोरपंखी! ती बघतच राहिली, लग्नापासून पहिल्यांदा म्हणाली, "कला आहे हो तुमच्या हातात."

लिलाववाला आला. बघितलं. मटकन खालीच बसला.

"काका... इथे झाकणावर सही होती."

"होती ना! घालवता घालवता जीव गेला माझा!"

"अहो, तो इंजिनीयर पुढे केवढा नावाजला! त्याच्या सहीचेच तर पैसे होते."

"आणि पिवळेपणाचं काय? ओरखडे?"

"त्यांचेसुद्धा."

मळाचे पैसे देतात हो लोक, तुम्हाला सांगतो, मळाचे! मी आपलं चाचरत विचारलं, "मग... रंगाचे काय द्याल?" तर तो उठला आणि चपला घालून चालू लागला. रडू आलं हो मला, खरंच आलं.

बायको? एक शब्द नाही! भांडली असती तर बरं झालं असतं. मुकाट्याने भांडी बांधली, गाद्या बांधल्या, टेम्पोत चढवल्या. नव्या भाड्याच्या खोलीला माळाही नाही, धूड माझ्या मांडीवर. टेम्पो हलला, आमच्या खिडक्या मागे पडल्या, मला राहवेना... म्हटलं, "अगं, बोल की काहीतरी! चुकलं काय माझं?"

तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "नीट धरा. रंग उडेल."