बुडाशी एक डोळा

श्रोतेहो, आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढं उभी आहे. मौन धरलं, म्हणजे माणूस गप्प बसतो का?

नाही हो बसत. तोंड मिटतं, पण वळवलेली मान बोलते, फिरवलेली पाठ बोलते. आपण नेमधर्म करणाऱ्या बायका. आपल्याला हे आधी कळायला हवं. ऐका तर.

कादवा नदीच्या काठी एका मळ्यात दोन जावा राहत. थोरली द्वारकाबाई, धाकटी हौसा. दोघींचे मालक देवाघरी गेलेले. घरं शेजारी, मधे मेंदीचं कुंपण, आणि कुंपणात जाऊन-येऊन पडलेली एक फट. परसात शेवगा, वांगी, मोगरा. मागं द्राक्षाची लहानशी बाग. वाटण्या झालेल्या, पण बागेचा मांडव एकच. हिच्या वेली तिच्या तारांवर, तिच्या हिच्या. वेलीला कुठली आलीय वाटणी?

हौसा नवी नवरी होऊन आली, तेव्हा द्वारकाबाईनंच तिच्या हाती कात्री दिली. द्राक्षं उतरली, उन्हाळा लागला, की वेलींची खरड छाटणी करतात – साऱ्या काड्या कापून काढायच्या. हौसानं पहिलीच वेल अशी कापली, की काही ठेवलंच नाही.

"अगं ए, हजामत करायला बसलीस काय?" द्वारकाबाई म्हणाली. "कितीही खरड, पण बुडाशी एक डोळा राख. नाहीतर फुटायचं कुठून?"

डोळा म्हणजे काडीवरचा तो बारीकसा फुगवटा, जिथून कोंब निघतो. तेवढा राखला, तर पुढच्या माघात घड. हा डोळा मनात ठेवा, मंडळी. आपल्याला त्याच्याकडं परत यायचंय.

पुढं वर्षं गेली. एका चैत्रात द्वारकाबाईकडं गौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ झाली, पन्ह्याचे पेले फिरले. हौसानं घोट घेतला आणि भर बायकांत म्हणाली, "आमच्या बाईंच्या पन्ह्यात कैरी आहे, वेलदोडा आहे. गुळानं तेवढं मौन धरलंय."

हसलात ना? त्याही हसल्या. पण द्वारकाबाईचा वैशाखात मौनाचा नेम असे. अंघोळ झाल्यापासून मळ्यातल्या महादेवाची गळती भरेपर्यंत शब्द नाही. गळती म्हणजे पिंडीवर टांगलेला, थेंब थेंब पाझरणारा घडा. आपल्या बागांना ठिबक आत्ता आलं हो, देवाकडं ते आधीपासून आहे. तर, थट्टा झाली गुळाची, आणि ती लागली नेमाला. त्या दिवसापासून द्वारकाबाईनं हौसाशी बोलणं टाकलं. हौसा एकदा आली, दोनदा आली. दार आतून बंद.

वैशाख लागला. छाटलेल्या वेली फुटून पोपटी झाल्या. हौसाचा मुलगा सुरतेहून आला आणि म्हणाला, "आई, आता एकटी राहू नकोस. बाग देऊ कुणाला तरी वाट्यानं. चल माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई तुळशीपाशी पोथी घेऊन बसली होती. मौन चालू. कुंपणाच्या फटीतून हौसा आली, हातात पन्ह्याचा तांब्या.

"बाई, बोलू नका. मला ठाऊक आहे तुमचा नेम," ती म्हणाली. "पोरगा न्यायला आलाय. माझा जीव नाही जायला. इतकी वर्षं तुमच्या शेजारी काढली. तुम्ही नको म्हणालात, तर मी राहते. नुसतं कळू द्या."

द्वारकाबाईनं पोथीवरून मान उचलली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मौनात होती बिचारी, काय करणार? माय हो, त्याच सकाळी तिनं गवळ्याला बोटं दाखवून दूध मोजून घेतलं होतं. शेळी वेलीच्या कोवळ्या पानांना लागली, तर टाळ्या वाजवून हाकलली होती. शेळीसाठी नेम वाकला. जावेसाठी नाही वाकला.

हौसा उभी राहिली, उभी राहिली. मग तांब्या ओट्यावर ठेवून गेली.

द्वारकाबाईच्या मनात नव्हतं असं नाही. अध्याय संपवू, गळती भरू, मग जाऊन म्हणू – राहा. पण त्या दिवशी तिनं अध्याय फार सावकाश वाचला. बघू दे जरा वाट ताटकळत, म्हणून. गळती भरून ती फटीतून पलीकडं गेली, तर दाराला कुलूप आणि अंगणात गाडीच्या चाकांच्या खुणा. परत येऊन तिनं पन्हं तोंडाला लावलं. गूळ पुरेपूर होता.

मृगाच्या आधी तिनं सुरतेला फोन लावला.

"हौसे, चुकलं गं माझं. ये परत. माझं मौन होतं त्या दिवशी–"

"मौन होतं म्हणूनच तर आले होते, बाई," हौसा शांतपणे म्हणाली. "एरवी आले असते, तर तुम्ही भांडला असता. म्हटलं, आज बोलणार नाहीत. नुसतं वर बघतील, तेवढ्यावर मी राहीन."

द्वारकाबाईची नजर कुंपणातल्या फटीकडं गेली.

"तुम्हीच शिकवलंत ना," हौसा म्हणाली. "एक डोळा राखायचा होता, बाई."

राग नव्हता त्या आवाजात. राग असता, तर बरं झालं असतं. नातवंडांत तिचा जीव रमला होता. ती काही परत आली नाही. तिच्या वेली आज परका माणूस छाटतो. द्वारकाबाई अजूनही वैशाखात मौन धरते, पण पाट आता कुंपणाकडं तोंड करून मांडते. मेंदी वाढली. फट बुजत आली.

मायबाप हो, राग येतो. अबोला होतो. छाटा, हवं तितकं छाटा. पण बुडाशी एक डोळा राखा. या मांडवातही कुणाची जाऊ, कुणाचा भाऊ, कुणाची सासू मुद्दाम लांब जाऊन बसली असेल. मला इथून दिसतंय. आता टाळ घ्या, देवाचं नाव घेऊ. पण डोळे मिटण्याआधी एकदा त्यांच्याकडं बघा. बोलू नका. नुसतं बघा.