डेटनचं गिधाड आणि सोनेरी टॅगर्ट

— हात लावा की, नव्या जावयासारखे लाजताय काय? जाड प्लास्टिकच्या डबीत आहे ते, चावत नाही. अरे वा, हातमोजेसुद्धा घरून आणलेत! ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याचं, गसचं, हृदय इतकं हळुवार धरलं नसेल. बघा, निवांत बघा — ऑरिन टॅगर्टचं कार्ड, फोटो आणि सहीसकट. निळी निघाली, हिरवी निघाली, जांभळी निघाली, पण सोनेरी असं जगात हे एकच. आणि कोण हा टॅगर्ट? फायनलला ज्याच्या दोन पायांमधून चेंडू गेला तो! त्याच्या आईनेसुद्धा त्याची एवढी कार्डं जमवली नसतील, आणि इथे अख्ख्या ओहायोतले घोडे झालेले पुरुष —

थांबा. तुम्ही आधी सहीच का पाहिलीत? बाकीचे सगळे कोपरे बघतात — झिजलाय का, दबलाय का — तुम्ही थेट त्या पसरलेल्या शाईवर गेलात. गस म्हणतो, डाग नाही तो, टॅगर्टचा अंगठा आहे. लिलावात शेवटपर्यंत दोघंच उरले होते, एक माझा गस आणि दुसरं ते डेटनचं गिधाड — अगंबाई! तुम्हीच का ते गिधाड? मला वाटलं होतं, निदान नाक तरी बाकदार असेल. म्हणजे बाकीचे सगळे रंग तुमच्याकडे, आणि तुमचं इंद्रधनुष्य आमच्या या काचेखाली अडलेलं! किती वर्षं तुम्ही मेल टाकताय — विकता का, विकता का — आणि हा लिहायचा, मी मेलो की विचार. काय खूश व्हायचा हो ते लिहिताना! कॉफी गार व्हायची, पण आधी तुम्हाला उत्तर.

काय? त्यानेच बोलावलं? काहीतरीच. दाखवा तो फोन. चष्मा कुठे गेला माझा... ‘येऊन घेऊन जा. पैसे नकोत.’

पैसे नकोत? गसने लिहिलं हे?

ते खाली ठेवा जरा. ठेवा म्हणते ना. — ऑपरेशन उत्तम झालंय, बरं का. डॉक्टर म्हणतात चाला, जिना उतरा, दुकानात बसा — आणि हा वर भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याच्या आवडीचा मीटलोफ केला तरी दोन घास. मला वाटलं थकलाय, होईल हळूहळू. मला काय माहीत, हा पडल्या पडल्या वाटण्या करतोय! मला भीती वाटते हो. कोणाला बोलले नव्हते, आणि बोलले ती कोणाशी, तर गिधाडाशी.

नाही देणार मी. रागवा खुशाल. तुमचं इंद्रधनुष्य पुरं झालं की हा भांडणार कोणाशी? माझ्याशी भांडण्यात त्याला राम वाटत नाही, मी लगेच हो म्हणते. तेव्हा असं करा — म्हणा, शाई पसरलेलं कार्ड मला फुकटही नको. आणि म्हणा, टॅगर्ट कच्चा होता, तो चेंडू माझ्या आजीनेही अडवला असता. माहितीये, जीव तुटेल तुमचा. माझ्यासाठी म्हणा. असे बघू नका माझ्याकडे, नाहीतर मीही रडेन आणि सगळा बेत फिसकटेल.

गस! अहो, गिधाड आलंय डेटनचं! कार्ड बघून नाक मुरडतंय! म्हणतंय, डागाळलेला माल फुकटही नको!

...

ऐकलंत? पलंग करकरला.

शिव्या देतोय. बापरे, आईवरनं देतोय! देऊ दे. आणि हा जिना — अहो, हा जिना वाजतोय! हातमोजे खिशात घाला. डोळे पुसा आधी. आणि आता नाक मुरडा... अजून थोडं... शूऽऽ.